आत्याच्या पावत्या आणि पुट ऑप्शन

फायनान्समध्ये पीएच.डी. करते असं सांगितलं की लग्नकार्यात भेटलेला माणूस हमखास विचारतो, "मग काय, कुठला शेअर घेऊ?" यातलं मला तुमच्यापेक्षा जास्त काही कळत नाही असं सांगितलं तर तो हसतो. त्याला वाटतं, टिप लपवतेय. मग जरा आवाज खाली आणून पुढचा प्रश्न येतो: "एम.एस्सी. झालं होतं, खराडीला चांगली नोकरी होती. हे मध्येच काय काढलंस?"

हा दुसरा प्रश्न वाजवी आहे. पुण्यात वित्त विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांची वाट ठरलेली असते. बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग, मग एम.बी.ए. नाहीतर एम.एस्सी., मग खराडी, मगरपट्टा किंवा हिंजवडी. तिथे परदेशी बँकांचे आणि फंडांचे हिशेब रात्री उशिरापर्यंत चालतात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, त्यामुळे फार विचार करायला सवड नसते. अभ्यासक्रमही त्याच वाटेसाठी बेतलेला असतो आणि त्यात गैर काही नाही. आईवडिलांनी एवढी फी भरल्यावर पोराने नोकरीला लागावं, हीच अपेक्षा असणार. पण त्याच दोन वर्षांकडे संशोधनाची तयारी म्हणून पाहायला लागलं की हिशेब बदलतो. वर्गात ज्याला आपण डोक्यावर घेतलं होतं ते बाजूला पडतं, आणि ज्या तासांना मागच्या बाकावर डुलक्या काढल्या ते कामाला येतात.

परीक्षेतल्या प्रत्येक गणितात माहिती वरच दिलेली असायची. कंपनीचा बीटा, म्हणजे बाजार हलला की तिचा शेअर किती हलतो ते माप, इतका, जोखीममुक्त व्याजदर इतका, कर वजा जाता नफा इतका. आता भांडवलाचा खर्च काढा. बीटा कोणी काढला, कुठल्या पाच वर्षांचे भाव घेऊन काढला, त्यातली दोन वर्षं करोनाची होती का, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर सर म्हणाले असते, बाई, पेपर तीन तासांचा आहे. संशोधनात वरची माहिती कोणी देत नाही, आणि दिलीच तर आधी तिच्यावर संशय घ्यावा लागतो.

पदव्युत्तर शिक्षणातून डॉक्टरेटकडे कसं जावं, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर बाबासाहेब आंबेडकर येतात. त्यांचा राज्यघटनेतला वाटा शाळेपासून शिकवतात, पण वित्ताचा अभ्यासक म्हणून त्यांच्याकडे आपण कमी पाहतो. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी लिहिलं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर. १९२१ साली लंडनला एम.एस्सी.साठी विषय घेतला तो साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचं प्रांतांकडे झालेलं विकेंद्रीकरण. कोलंबियाच्या पीएच.डी.चा ग्रंथ १९२५ साली छापला गेला, तोही ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच, आणि त्याला प्रस्तावना होती त्यांचे गुरू सेलिग्मन यांची. एकच धागा, आधी कंपनीच्या वहीखात्यापासून धरलेला, मग प्रांतांच्या तिजोऱ्यांपर्यंत नेलेला. १९२३च्या डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला. त्या पुस्तकाची प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन यांना त्यातली सगळी मतं पटलेली नव्हती, आणि तसं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं. न पटणाऱ्या विद्यार्थ्याला प्रस्तावना देणारा मार्गदर्शक मिळणं हेही नशीबच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर प्रकल्प हा शेवटच्या सत्रात उरकायचा सोपस्कार असतो. सीनियरची फाईल घ्यायची, कंपनीचं नाव बदलायचं, बायंडिंगला टाकायचं.

मीही एम.एस्सी.नंतर काही काळ नोकरी केली, मग नेटच्या, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या तयारीला लागले. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा घेतली होती. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले. शेजारचा मुलगा एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला, "ताई, तुमची पोस्ट कुठली?" मी म्हटलं, पोस्ट नाही, पीएच.डी. त्याने इतक्या सहानुभूतीने पाहिलं की चहाचे पैसे त्यानेच दिले. नेट म्हणजे दीडशे प्रश्न, तीनशे गुण, तीन तास, चार पर्यायांतून एक. जेआरएफ, म्हणजे त्यातली संशोधनवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपयांची शिष्यवृत्ती, म्हणून जीव तोडून अभ्यास करावा लागतो; पण संशोधनाची तयारी म्हणून त्या परीक्षेबद्दल फार काही बोलण्यासारखं नाही. एम.फिल. तर २०२२च्या नियमांनी बंदच झाली. पूर्वी पदव्युत्तर आणि पीएच.डी. यांच्या मध्ये ती एक पायरी असायची, जिथे माणसाला छोट्या प्रबंधावर हात बसवता यायचा. आता चार वर्षांची पदवी आणि ७५ टक्के गुण असले तर थेट पीएच.डी.ला जाता येतं. हुशार मुलांसाठी बरं असेल. मला मात्र ती मधली वर्षं लागलीच असती.

माझा विषय सापडला तो आत्याच्या कपाटात.

आत्या सहकारनगरला राहते. काकांच्या निवृत्तीचे पैसे आणि तिची स्वतःची शाळेतली शिल्लक असं सगळं तिने मुदत ठेवींत घातलेलं. पावत्या एका सराफाच्या कापडी पिशवीत, वर रबरबँड. माझी एम.एस्सी. चालू असताना एकदा तिने पिशवी माझ्यासमोर ओतली आणि म्हणाली, "तू शिकतेस ना हे सगळं, जरा तारखा लावून दे." मी तारखा लावायला घेतल्या आणि लक्षात आलं की एकाच नागरी सहकारी बँकेतल्या सगळ्या पावत्या नव्वद हजारांच्या आहेत. एक आत्याच्या नावावर. एक आत्या आणि काका अशी. एक काका आणि आत्या अशी, म्हणजे नावं तीच, क्रम उलटा. एक आत्या आणि माझी चुलतबहीण.

"एवढे तुकडे कशाला?"

"अगं, बँक बुडाली तर लाखापर्यंतचे सरकार देतं. व्याज धरून लाखाच्या आत बसायला नको? आमच्या बँकेतल्या कुलकर्ण्यांनी सांगितलंय, नावं उलटी केली की वेगळं धरतात."

ते कुलकर्णी बरोबर होते. ठेव विम्याच्या नियमानुसार एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या एकाच नावाच्या ठेवी एकत्र मोजतात, मुद्दल आणि व्याज मिळून. पण संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला की ते वेगळं खातं धरून त्याला वेगळं संरक्षण मिळतं. ज्या गोष्टीवर अर्थशास्त्रात निबंधांवर निबंध लिहिले जातात, ती आत्याने पेन्सिलने पावतीच्या मागे लिहून ठेवली होती: ९०,००० + व्याज = लाखाच्या आत.

त्याच पिशवीत आणखी एक पावती निघाली, चांगली घसघशीत, जवळच्या पतसंस्थेतली. पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा नसतोच. मी तसं म्हटलं तर आत्या किंचित रागावली. "तिथं सगळी आपली माणसं आहेत. सेक्रेटरी तुझ्या काकांच्या वर्गातला." बँकेवर पै-पैचा अविश्वास आणि पतसंस्थेवर आंधळा विश्वास, दोन्ही एकाच बाईच्या एकाच पिशवीत. वर्गात शिकलेला तर्कशुद्ध गुंतवणूकदार इथे कुठे बसवायचा, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

ठेव विमा आपल्याकडे आला त्यामागे एक बुडालेली बँक अकोल्याची होती. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या. त्यानंतर १९६२ च्या सुरुवातीला ठेव विमा महामंडळ उभं राहिलं. तेव्हा संरक्षण होतं दीड हजार रुपयांचं. ते वाढत वाढत १९९३ साली एक लाखावर आलं आणि तिथेच सव्वीस-सत्तावीस वर्षं थांबलं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, ठेवीदार रस्त्यावर उतरले, आणि ४ फेब्रुवारी २०२०पासून मर्यादा पाच लाख झाली. पुण्यात तर प्रत्येकाच्या नात्यात एक तरी माणूस असतो ज्याचे पैसे कुठल्या ना कुठल्या सहकारी बँकेत अडकले होते. त्यामुळे हा विषय इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही; उलट ऐकणाराच आपल्याला दोन गोष्टी सुनावतो.

आता पुट ऑप्शन. एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्रात डेरिव्हेटिव्ह्ज होतं, म्हणजे शेअरसारख्या दुसऱ्या वस्तूच्या भावावर बेतलेले करार. ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक आणि शोल्स यांचं १९७३ सालचं सूत्र, त्यातल्या डी-वन, डी-टू या दोन राशी, आणि परीक्षेला ठरलेलं एक गणित. पुट ऑप्शन म्हणजे एखादी वस्तू ठरलेल्या किमतीला विकायचा हक्क. भाव पडला तरी समोरच्याने ती घ्यायचीच. आम्हाला ते शेअर बाजारापुरतं वाटायचं, आणि वर्गातली अर्धी मुलं संध्याकाळी मोबाईलवर त्याचाच जुगार खेळायची. पुढे पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये माझ्या मार्गदर्शक मॅडमनी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा १९७७चा एक निबंध वाचायला दिला. छोटासाच आहे. त्यात ते म्हणतात तो मुद्दा असा: ठेव विमा हा मुळात पुट ऑप्शनच आहे. बँकेची मालमत्ता ठेवींच्या रकमेपेक्षा खाली गेली की बँकेचे भागधारक ती मालमत्ता विमा देणाऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होतात आणि ठेवी फेडायची जबाबदारी त्याच्यावर येते. ठरलेली किंमत म्हणजे ठेवींची रक्कम. विमा महामंडळाने हा ऑप्शन विकलेला असतो.

एकदा हे मान्य केलं की तेच डी-वन, डी-टू घेऊन विम्याची रास्त किंमत काढता येते. आणि ऑप्शनचा पहिला धडा असा की वस्तूच्या भावात चढउतार जितका जास्त, तितका ऑप्शन महाग. म्हणजे ज्या बँकेचं कर्जवाटप धोक्याचं, तिचा विमा महाग असायला हवा. आपल्याकडे २०२०पासून हप्ता होता शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे, सगळ्या बँकांना सारखाच. सोन्यावर आणि घरांवर बेताने कर्ज देणारी बँकही १२ पैसे भरायची आणि संचालकांच्या मेहुण्यांना कोट्यवधी वाटणारी बँकही १२ पैसेच. तो निबंध वाचला त्या संध्याकाळी मी तिसऱ्या सत्राची वही काढून बसले होते. परीक्षेपुरतं पाठ केलेलं सूत्र आत्याच्या पिशवीला लागू पडत होतं, आणि हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी निदान त्या तासाला जागी राहिले असते.

विषय ठरल्यावर वाटलं होतं, पुढचं सोपं आहे. मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली, तारीख नक्की आहे. आधीच्या आणि नंतरच्या ठेवी बघायच्या, फरक मोजायचा. एम.एस्सी.त असा प्रकल्प केला असता तर उत्तम श्रेणी मिळाली असती. मी तसा आराखडा मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हा फरक विम्यामुळे आला, कशावरून?"

४ फेब्रुवारी २०२० नंतर सात आठवड्यांत टाळेबंदी लागली. लोकांचा खर्च थांबला, पैसे बँकेत पडून राहिले, दुकानदारांचे मात्र बाहेर गेले. जूनमध्ये अध्यादेश निघून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड वाढली. ठेवी वाढल्या तर श्रेय कोणाला द्यायचं? विम्याला, टाळेबंदीला की नव्या कायद्याला? यावर एक उपाय असतो. ज्या बँकांत एक ते पाच लाखांमधल्या ठेवींचं प्रमाण जास्त, तिथे विम्याचा परिणाम जास्त दिसायला हवा; ज्यांच्याकडे सगळ्याच ठेवी लाखाच्या आतल्या, तिथे जवळजवळ नाही. या दोन गटांतला फरक आधी किती, नंतर किती, असं पाहायचं. पण लहान ठेवीदारांच्या बँका आणि मध्यम ठेवीदारांच्या बँका यांना टाळेबंदीचा फटका सारखा बसला का? नाही बसला. भाजीवाल्याची बँक वेगळी, प्राध्यापकाची वेगळी. मग पुन्हा मॅडमचा तोच प्रश्न. गेलं सगळं वर्ष त्या एका प्रश्नापायी गेलं आणि प्रकरण अजून पूर्ण झालेलं नाही.

शिवाय आकडे आणायचे कुठून? मोठ्या कंपन्यांची माहिती विकत मिळते. सीएमआयई या कंपनीचा प्राउएस हा आकडेवारीचा संच संस्थेने घेतला असेल तर विद्यार्थ्याचं काम बरंच हलकं होतं. आयआयएम अहमदाबादचे प्राध्यापक भारतीय बाजारासाठी फामा-फ्रेंच घटकांची, म्हणजे शेअरच्या परताव्यातला फरक समजावून घ्यायला वापरतात त्या घटकांची, आकडेवारी फुकट उपलब्ध करून देतात, त्याचे तर आभार मानावे तेवढे थोडे. पण नागरी सहकारी बँकेच्या ठेवी किती रकमेच्या तुकड्यांत आहेत, हे तिथे सापडत नाही. त्यासाठी वार्षिक अहवाल. अलीकडचे संकेतस्थळांवर आहेत. जुने मिळाले ते माळ्यावरून, कारण आत्या त्या बँकेची सभासद आहे आणि तिने एकही अहवाल रद्दीत दिलेला नाही. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, मग 'अहवाल सालात बँकेने सर्वांगीण प्रगती केली' हे वाक्य, ऑडिट वर्ग 'अ', दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, आणि खूप मागे, बारीक टाइपात, ताळेबंद. एका बँकेने एका वर्षी थकीत कर्जं एका शीर्षकाखाली दाखवली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या. लेखापरीक्षक बदलला की मांडणी बदलते. हे आकडे एका रांगेत बसवताना कुठला कुठे जातो हे कळायला मला बी.कॉम.चं हिशेबाचं शिक्षण उपयोगी पडलं, ज्याला एम.एस्सी.त गेल्यावर आम्ही सगळेच नाकं मुरडायचो. ठेवींचे तुकडे मात्र थोड्याच अहवालांत सापडतात. त्यामुळे नमुना लहान, आणि जो आहे तोही अशा बँकांचा, ज्यांना स्वतःहून जास्त सांगायची सवय आहे. याचाही परिणाम निष्कर्षावर होतोच.

घरोघर जाऊन आकडे गोळा करायची एक जुनी परंपरा याच शहरात होती. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केला. पुढे १९७१मध्ये दांडेकर आणि रथ यांनी गरिबीवर जे लिहिलं त्यावर देशभर वाद झाला, तेही याच संस्थेतून. १९६९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था (एनआयबीएम) कोंढव्याला आहे; रिक्षावाल्याला विचारा, एनआयबीएम रोड म्हणजे फ्लॅट आणि हॉटेलं. बँकिंगवर काम करायला याहून बरं शहर नाही. तरीही आपल्याकडच्या वाणिज्य शाखेतले किती प्रबंध 'पुणे जिल्ह्याच्या विशेष संदर्भात' या शेपटाने संपतात! शंभरेक लोकांना प्रश्नावली, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच चौकोन, शेवटी काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी, आणि निष्कर्ष: ग्राहकांमध्ये जागरूकता वाढवण्याची गरज आहे. मला चीड येते ती यातल्या पोरांची नाही. दोन वर्षं पदव्युत्तर शिकवून आम्हाला इतकंच दिलं जातं, आणि मार्गदर्शकाकडे आधीच विद्यार्थ्यांची रांग असते. प्रश्नावलीत वाईट काही नाही. आत्याला पाच चौकोन दिले असते तर 'माझा बँकेवर विश्वास आहे' यापुढे तिने 'पूर्णपणे सहमत'वरच खूण केली असती, पिशवीतल्या पावत्या नव्वद हजारांच्या असताना.

अधूनमधून एम.एस्सी.ची मुलं येऊन विचारतात, पीएच.डी. करायची तर आत्तापासून काय करू? परदेशी जायचं असेल त्यांना मी स्पष्ट सांगते की गणित वाढवा. रिअल अ‍ॅनालिसिस हे सिद्धतांचं गणित आणि चांगलं इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र, नसेल तर तिथल्या पहिल्याच वर्षी दमछाक होते, कोर्स कितीही नावाजलेला असो. इथेच करायचं असेल तर एक निबंध निवडा आणि तो त्यातल्या तक्त्यांसकट स्वतः पुन्हा करून बघा. आकडे जुळत नाहीत, जुळवता जुळवता महिना जातो. बहुतेकांना हे ऐकून निराशा होते. त्यांना पुस्तकांची यादी हवी असते. तुमचा विषय अर्थशास्त्रात बसतो की नाही याची काळजी करू नका, हेही सांगते; गुंतवणुकीतली जोखीम वाटून कशी घ्यावी याचं गणित मांडणाऱ्या हॅरी मार्कोविट्झ यांच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत नामांकित अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमननी हे अर्थशास्त्रच नाही असं म्हणून त्यांना छळलं होतं. पदवी मिळाली, आणि १९९० साली त्याच कामासाठी नोबेलही.

दरम्यान आत्याच्या बाजूने एक गंमत झाली. मर्यादा पाच लाख होऊन वर्षं उलटली तरी तिच्या नव्या पावत्या नव्वद हजारांच्याच आहेत. मी सांगून झालं. कुलकर्णी निवृत्त झाले, नव्या मुलीने सांगून झालं. "राहू दे गं, असंच बरं पडतं," म्हणते. मॅडमना हे सांगितलं तर त्या पहिल्यांदा मनापासून खूश झाल्या. मर्यादा वाढल्याचं ठेवीदाराला कळतं का, कळलं तरी तो वागणं बदलतो का, हा प्रश्न आम्ही आराखड्यात घातलाच नव्हता. आता दुसरं प्रकरण त्यावर आहे.

आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की पुढच्या आर्थिक वर्षापासून ठेव विम्याचा हप्ता जोखमीप्रमाणे ठरेल, सुदृढ बँकांना कमी पडेल. मर्टनच्या निबंधाला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. म्हणजे बँकाबँकांत पहिल्यांदाच फरक पडणार, मध्ये टाळेबंदीही नाही, मॅडमच्या "कशावरून?" या प्रश्नाला जरा तरी धड उत्तर देता येईल असा प्रसंग. मी उत्साहाने रात्रीत चार पानांचं टिपण करून मॅडमना पाठवलं. सकाळी उत्तर आलं: "छान आहे. आधी हातातलं संपव."